पुलाखालचा वारसा, रस्त्यावरचा संशय: बारिओ लोगनचे प्रकरण

२०१६ या एकाच वर्षात अमेरिकेतील शासनयंत्रणेने चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, समाजाच्या रस्त्यावरच्या संस्कृतीविषयी दोन नोंदी केल्या, आणि त्या एकमेकींशी कोठेच जुळत नाहीत. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी ‘कॅलगँग’ या पोलिसी माहितीसाठ्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. टोळीशी संबंध असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची नावे या साठ्यात ठेवली जातात. नोंद झाली त्या वेळी वयाचे एक वर्षही पूर्ण न झालेली ४२ बाळे त्यात सापडली, आणि त्यांपैकी २८ जणांच्या नोंदीला ‘टोळीचा सदस्य असल्याचे स्वतः कबूल केले’ हे कारण दिलेले होते. त्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, सॅन डिएगो शहरातील बारिओ लोगन या कामगारवस्तीत असलेल्या चिकानो पार्कला केंद्र सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ग्वादालुपेची माता (मेक्सिकोत पूजली जाणारी मेरी), मेक्सिकोच्या प्राचीन अझ्टेक संस्कृतीतले योद्धे, गरुड, वळणदार जुनी अक्षरे ही चित्रे तेथे पुलाच्या खांबांवर आहेत म्हणून राष्ट्रीय ठेवा ठरली. तीच चित्रे एखाद्या तरुणाच्या दंडावर गोंदलेली असती, तर गस्तीच्या पोलिसाने त्याला थांबवून नाव-पत्ता विचारला असता.

प्रस्तुत प्रकरणाचा प्रश्न त्यामुळे सरळ आहे. तीच माणसे, तीच चिन्हे, त्याच गाड्या. मग एके ठिकाणी वारसा आणि चार गल्ल्या ओलांडल्यावर संशय, असे का? माझे उत्तर असे की, जिला सीमा आहे, समिती आहे आणि पत्ता आहे अशी एका जागी स्थिरावलेली संस्कृती शासनाला हाताळता येते. फिरत्या संस्कृतीसाठी मात्र गाडी अडवणे आणि पावती फाडणे यापलीकडे त्याच्याकडे फारशी साधने नसतात. वरील लेखापरीक्षणात तपासलेल्या चार पोलीस यंत्रणा सॅन डिएगोच्या नव्हत्या, हे येथेच नोंदवायला हवे. परंतु माहितीसाठा राज्यभर एकच होता आणि सॅन डिएगोचे पोलीसही तोच वापरत.

वस्ती कशी चिरली गेली

बारिओ लोगन हा मुळात लोगन हाइट्स या मोठ्या वस्तीचा बंदराकडचा भाग. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतर सीमा ओलांडून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, कारण काम जवळ होते: ट्यूना मासे डबाबंद करणारे कारखाने, जहाजबांधणीची आवारे, रेल्वे. मासळीच्या कारखान्यांत बायकांची संख्या मोठी होती. दुसऱ्या महायुद्धात नौदल आणि संरक्षण उद्योग किनाऱ्यावर पसरले आणि ज्या खाडीच्या कडेला ही वस्ती वाढली, त्या पाण्यापर्यंत जाण्याची वाटच तिला उरली नाही. १९५० च्या दशकात शहराने जमीन वापराचे नियम बदलून राहत्या घरांच्या ओळीत उद्योगांना परवानगी दिली. जुन्या मोटारी मोडून सुटे भाग विकणारी भंगाराची आवारे, ज्यांना तेथील लोक ‘योंके’ म्हणतात, त्यानंतर अंगणांना खेटून उभी राहिली.

मग रस्ते आले. १९६३ मध्ये इंटरस्टेट ५ हा महामार्ग लोगन हाइट्सच्या मधोमध गेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. त्यापाठोपाठ सॅन डिएगो आणि खाडीपलीकडचे कोरोनाडो यांना जोडणारा सुमारे ३.४ किलोमीटर लांबीचा वळणदार पूल बांधला गेला आणि ३ ऑगस्ट १९६९ रोजी वाहतुकीला खुला झाला. पुलाचे उतार आणि महामार्गाला जोडणारे फाटे यांच्यासाठी पुन्हा घरे पाडावी लागली. हजारो लोक वस्ती सोडून गेले. जे राहिले त्यांच्या मुलांना खेळायला करड्या काँक्रीटच्या खांबांचे जंगल आणि त्यांच्या पायथ्याशी मोकळी, धुळीची जमीन मिळाली.

सॅन डिएगोच्या उत्तरेकडील उपनगरांत दूरसंचार आणि औषधनिर्मितीच्या क्षेत्रांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबे राहतात, आणि गावाकडून आलेल्या पाहुण्यांना कोरोनाडोचा समुद्रकिनारा दाखवायला नेताना त्यांची गाडी याच पुलावरून जाते. वरून निळी खाडी आणि नौदलाची जहाजे फार सुंदर दिसतात. खाली काय आहे ते वरून दिसत नाही.

बावीस एप्रिल

पुलाखालच्या जमिनीच्या एका तुकड्यावर उद्यान व्हावे ही वस्तीची मागणी पूल पूर्ण होण्याआधीचीच होती आणि १९६९ मध्ये तसे आश्वासनही मिळाले होते. २२ एप्रिल १९७० च्या सकाळी सॅन डिएगो सिटी कॉलेजचा विद्यार्थी मारिओ सोलीस तेथून जात असताना त्याला बुलडोझर दिसले. काय चालले आहे, असे त्याने विचारले, तेव्हा उद्यानाचे नव्हे, तर राज्याच्या महामार्ग पोलिसांच्या ठाण्याचे काम सुरू झाल्याचे त्याला कळले. त्या वस्तीत पोलिसांविषयी आधीच किती कटुता होती हे लक्षात घेतले, तर यापेक्षा वाईट निवड प्रशासनाला करता आली नसती. सोलीसने दारोदार जाऊन आणि कॉलेजच्या चिकानो अभ्यासाच्या वर्गात जाऊन बातमी दिली. दुपारपर्यंत विद्यार्थी, गृहिणी, म्हातारी माणसे आणि शाळा सोडून आलेली मुले जमली आणि त्यांनी यंत्रांभोवती हात धरून साखळी केली. (अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन त्याच दिवशी साजरा होत होता, बुलडोझरसमोर उभ्या राहिलेल्या या लोकांना त्यात कोणी धरले नाही.)

जमिनीचा ताबा बारा दिवस टिकला. या बारा दिवसांचे वर्णन करताना घोषणा आणि टेलिफोनच्या खांबावर चढवलेला चिकानो ध्वज यांचाच उल्लेख अधिक होतो. प्रकरणाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. लोकांनी पहिल्याच दिवसापासून फावडी आणि कुदळी आणल्या, जमीन सपाट केली, निवडुंग, घायपात आणि फुलझाडे लावली. बायकांनी घरून जेवण करून आणले. म्हणजे, उद्यान द्या असे म्हणत बसण्याऐवजी त्यांनी उद्यान करायला घेतले, आणि त्यामुळे वाटाघाटींचा विषयच बदलला. आता अधिकाऱ्यांना रिकाम्या भूखंडावरून जमाव हटवायचा नव्हता. आजीबाईंनी लावलेली रोपे उपटायची होती, आणि ते करताना वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार समोर उभे असणार होते.

दोन गोष्टी वस्तीच्या पथ्यावर पडल्या. जमीन राज्य सरकारच्या मालकीची होती, तिच्यात खासगी विकासकाचा पैसा अडकलेला नव्हता. त्यामुळे शहराला राज्याशी जमिनीची अदलाबदल करून मार्ग काढणे शक्य झाले. दुसरे म्हणजे, आश्वासन आधीच दिलेले होते आणि ते मोडल्याचे कोणाला नाकारता येत नव्हते. जुलै १९७० मध्ये १.८ एकरांच्या तुकड्याच्या विकासासाठी सुमारे २२ हजार डॉलर मंजूर झाले. पुढे उद्यान वाढत वाढत ७ एकरांच्या वर गेले. आंदोलनातूनच चिकानो पार्क सुकाणू समिती स्थापन झाली, आणि ती आजतागायत काम करते. चळवळीचा भर ओसरल्यावर समित्या कागदावर उरतात हा आपल्याकडचाही अनुभव आहे. येथे तसे झाले नाही, कारण समितीला दर वर्षी करण्यासारखे ठोस काम होते. ते काम म्हणजे भिंती.

आम्ल, राठ झाडू आणि रंग

पुलाच्या राखाडी खांबांवर चित्रे काढावीत ही कल्पना लोगनमध्ये वाढलेला चित्रकार साल्वादोर तोरेस याची. रंगकाम सुरू व्हायला मात्र १९७३ चा मार्च उजाडला. २३ मार्चला दोन-तीनशे माणसे ब्रश आणि रोलर घेऊन आली आणि ज्याला जेथे हात पोहोचला तेथे त्याने रंग फासला. पहिल्या दिवसाच्या या हौशी धुळवडीनंतर चित्रकारांनी काम हातात घेतले. गियेर्मो अरांदा, विक्टर ओचोआ आणि त्यांचे सहकारी उताराच्या भिंतींपासून सुरू करून हळूहळू खांबांकडे वळले. १९७५ च्या सुमारास सॅक्रामेंटोहून होसे मोंतोया आणि एस्तेबान विया यांचा चित्रकारांचा गटही मदतीला आला.

काँक्रीटवर रंग टिकवणे सोपे नसते. भिंत आधी म्युरिअ‍ॅटिक आम्लाने धुवावी लागे, मग राठ झाडूंनी घासून काढावी लागे आणि त्यानंतर रबरयुक्त अस्तर लावून पृष्ठभाग रंग धरील असा करावा लागे. घासण्याच्या आणि अस्तर लावण्याच्या कामाला चित्रकार असण्याची गरज नव्हती. वस्तीतली पोरे या कामाला लागली. शाळेत ज्यांच्या वहीवरची नक्षीदार अक्षरे ही बेशिस्तीची खूण मानली जात होती, त्यांना येथे कोणी तरी सांगत होते की, तुझा हात चांगला आहे, ही रेघ तू ओढ. चौकटी आखून छोट्या आराखड्यावरून मोठे चित्र कसे उतरवायचे, हेही त्यांना तेथेच समजले. रस्त्यावरच्या संस्कृतीत वाढण्याचा जो भाग बाहेरच्या लेखनात नेहमी निसटतो तो हा: ती संस्कृती शिकावी लागते, तिचे उस्ताद असतात, आणि ते चुकीच्या कामाला नावे ठेवतात.

१९७७ मधील एका भित्तिचित्राचे शीर्षकच ‘वस्ती हवी, योंके नकोत’ अशा अर्थाचे आहे. मेक्सिकन क्रांतीचा नेता झापाता, शेतमजुरांचा नेता सेसार चावेस, प्राचीन देव क्वेत्साल्कोआत्ल यांच्या भव्य चित्रांच्या शेजारी भंगाराच्या आवारांविरुद्धची ही स्थानिक तक्रार तितक्याच मोठ्या आकारात रंगवलेली आहे, आणि मला ती त्या देवादिकांपेक्षा अधिक बोलकी वाटते. आज तेथे सत्तरहून अधिक भित्तिचित्रे आहेत. १९९० च्या दशकात राज्याच्या वाहतूक विभागाने भूकंपाच्या धोक्यामुळे पुलाचे खांब मजबूत करण्याची योजना आखली, तेव्हा चित्रे नष्ट होणार अशी चिन्हे दिसू लागली. समितीने विरोध केला आणि अभियंत्यांना चित्रे वाचवणारी पद्धत शोधावी लागली. ज्या विभागाच्या पुलाने वस्ती चिरली, त्याच विभागाने पुढे केंद्राच्या निधीतून चित्रांच्या जीर्णोद्धाराचे काम केले. २०१३ मध्ये उद्यान ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेले, आणि २०१६ चा दर्जा त्यापुढचा.

उद्यानाबाहेरचा रस्ता

आता त्याच मुलाला उद्यानाबाहेर पाहू. त्याची खाकी पँट दोन मापे मोठी आहे. पण ती गबाळी नाही. खळ लावून, कडक इस्त्री करून तिची घडी चाकूच्या धारेसारखी उभी केलेली आहे. पांढरा बनियन किंवा टी-शर्ट, त्यावर चौकड्यांचा लोकरी शर्ट, त्याचे फक्त वरचे बटण लावलेले. कामगाराचेच कपडे आहेत हे, फक्त कारखान्यातला मळ त्यांवर दिसू द्यायचा नाही असा त्यांत हट्ट आहे. १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी ढगळ झूट सूट घातलेल्या मेक्सिकन पोरांना गाठून मारले आणि त्यांचे कपडे फाडले, तेव्हापासून या समाजात पोशाख हा पोलिसांचा विषय झालेला आहे. कॅलगँगच्या निकषांतही पोशाख होता, गोंदण होते, नोंदलेल्या व्यक्तीसोबत दिसणे होते, ‘टोळीच्या भागात’ वावरणे होते. त्यांपैकी दोन लागू पडले की नोंद होऊ शकत असे. जो मुलगा त्या भागातच राहतो आणि ज्याचा चुलतभाऊ आधीच नोंदलेला आहे, त्याने काही न करताच दोन निकष पूर्ण केलेले असतात.

येथे दुसरी बाजू झाकून चालणार नाही. लोगनमध्ये टोळ्या खरोखर होत्या आणि त्यांनी खरोखर माणसे मारली. मे १९९३ मध्ये मेक्सिकोतील ग्वादालाहारा विमानतळावर कॅथलिक चर्चचे कार्डिनल पोसादास ओकाम्पो गोळीबारात मारले गेले. त्या प्रकरणात सीमेपलीकडच्या तिहुआनाच्या अमली पदार्थांच्या टोळीने भाडोत्री बंदूकधारी लोगनच्या टोळीतून नेले होते, हे दोन्ही देशांच्या तपासात पुढे आले. ज्या आईचा मुलगा अशा मार्गाला लागला, तिला पोलिसांच्या संशयाविषयी विचारले, तर ती चळवळीच्या भाषेत उत्तर देणार नाही. माझा आक्षेप संशयाच्या अस्तित्वावर नाही. तो इतका ढोबळ होता की, बंदूकधारी आणि कडक इस्त्रीची पँट घातलेला मुलगा यांत त्याला फरक करता येत नव्हता, हा आक्षेप आहे.

गाड्यांच्या बाबतीत हा ढोबळपणा कायद्याच्या कलमातच उतरलेला होता. लोरायडर म्हणजे जुनी, बहुधा शेव्हरोले इम्पालासारखी मोटार, जमिनीलगत खाली आणलेली, रंगाच्या अनेक थरांनी चमकवलेली आणि मुद्दाम हळू चालवलेली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात १९५८ पासून असे कलम होते की, फेरफार केलेल्या मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या पातळीपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर लोकांनी काढलेली तोड कारागिरीची आहे. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे याने विमानांतील जुने हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेट मोटारीला जोडले. आता चालकाजवळची कळ दाबताच गाडी काही क्षणांत कायदेशीर उंचीवर येत असे, आणि पोलीस वळणाआड गेला की पुन्हा खाली बसत असे. पुढे ज्याला ‘नाचणारी गाडी’ म्हणून जत्रेत पाहिले जाऊ लागले, त्या तंत्रामागे दंडाची पावती टाळण्याची ही धडपड आहे.

१९८२ पासून राज्याने शहरांना ‘क्रूझिंग’वर, म्हणजे ठरावीक वेळात त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा सावकाश गाडी नेण्यावर, बंदी घालण्याचा अधिकार दिला. बारिओ लोगनला दक्षिणेकडून लागून असलेल्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये तशी बंदी घातली. हायलँड अ‍ॅव्हेन्यू हा तेथील क्रूझिंगचा रस्ता. वाहतूक कोंडी आणि हाणामाऱ्या ही कारणे दिली गेली, आणि ती सर्वस्वी बनावट नव्हती. परिणाम मात्र असा झाला की, बापाने तीन-चार वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून उभी केलेली गाडी मुलाला एप्रिलमधल्या चिकानो पार्क दिनाला उद्यानात थांबलेली, लोक कौतुकाने फोटो काढत असलेली दिसे, आणि तीच गाडी संध्याकाळी घरी परतताना दोनदा वळली तर अडवली जाई. नियम शिकण्याच्या वयात मुलाने यातून कोणता नियम शिकावा?

लोगनचा एक मुलगा आणि दोन कायदे

उद्यानाने वस्तीला अभिमान दिला, जागा दिली, पण हवा बदलली नाही. २००१ च्या अखेरीस राज्याच्या हवा नियामक मंडळाने येथील धातूवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याच्या परिसरात मोजमाप केले तेव्हा कर्करोगकारक हेक्सावेलंट क्रोमियमचे प्रमाण फार जास्त आढळले. कारखाना घरांना खेटून होता. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते यांनी लावून धरल्यावर २००२ मध्ये तो बंद झाला. लोरायडरच्या बंपरवर दिसणारी क्रोमची झळाळी आणि मुलांच्या फुप्फुसांत जाणारे क्रोमियम ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत, हेही या वस्तीला ठाऊक आहे.

डेव्हिड अल्वारेस हे बारिओ लोगनमध्येच वाढले. सॅन डिएगोच्या नगरपरिषदेत असताना त्यांनी वस्तीसाठी नवीन विकास आराखडा पुढे नेला, ज्यात उद्योग आणि घरे यांच्यामध्ये मोकळा पट्टा ठेवण्याची तरतूद होती. २०१३ मध्ये तो मंजूर झाला. जहाजबांधणी उद्योगाने सह्या गोळा करून सार्वमत मागितले आणि जून २०१४ मध्ये संपूर्ण शहराच्या मतदारांनी आराखडा रद्द केला, ज्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिडकीतून भंगाराचे आवार दिसत नव्हते. एका वस्तीच्या श्वासाचा प्रश्न शहरभरच्या मतदानाला टाकणे मला अन्यायाचे वाटते. कायद्याने ते शक्य होते. सुधारित आराखडा मंजूर व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, म्हणजे त्या पट्ट्याची वाट पाहताना एक पिढी बालवाडीतून माध्यमिक शाळेत गेली.

अल्वारेस पुढे राज्य विधानसभेत गेले आणि तेथे क्रूझिंगवरील बंद्या उठवणारे त्यांचे विधेयक मंजूर झाले. नॅशनल सिटीने एप्रिल २०२३ मध्ये स्वतःची बंदी मागे घेतली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांची स्वाक्षरी झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात क्रूझिंगवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार आणि गाडीच्या उंचीचे १९५८ चे कलम, दोन्ही गेले. येथे माझ्या वरच्या उत्तराला एक पुरवणी जोडावी लागते. फिरत्या संस्कृतीला मान्यता मिळाली ती तिने उद्यानाकडून संघटनेचे वळण उचलल्यावर: गाड्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली, परिषदेच्या बैठकांना हजेरी लावली, आधी प्रायोगिक क्रूझिंग संध्याकाळी घेतल्या, पोलिस बंदोबस्ताचा खर्च कोणी द्यायचा यावर महिनोन्‌महिने वाद घातले.

वस्तीपुढचा आजचा प्रश्न भाड्याचा आहे. लोगन अ‍ॅव्हेन्यूवर कलादालने, कॉफीची दुकाने आली आहेत आणि चित्रे पाहायला येणाऱ्यांत आता तेथे घर शोधणारेही असतात. ऐतिहासिक दर्जा खांबांवरच्या रंगाला संरक्षण देतो. समोरच्या चाळीवजा घरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला तो काही देत नाही. खांब राज्याच्या वाहतूक विभागाचे आहेत, उद्यान शहराचे आहे आणि सुकाणू समितीची मालकी यांपैकी कशावरच नाही. तरीही कोणत्या खांबावर कोणते चित्र जाईल हे तिच्या संमतीशिवाय ठरत नाही. अशी पकड घरांच्या बाबतीत बसवण्याची यंत्रणा तिच्याकडे अजून नाही, आणि २०२१ च्या आराखड्यातील परवडणाऱ्या घरांच्या तरतुदी प्रत्यक्षात किती उतरतात यावर समितीची आणि रहिवाशांची पुढची भांडणे ठरतील.